अ‍ॅक्रिलिकच्या ब्लँकेटला वाफेची इस्त्री केली आणि त्याचा जीवच गेला

वेंधळी_विणकरीण
लोकहो, रडायला आलंय अगदी. भाच्याच्या बारशासाठी दोन महिने खपून क्रोशाचं ब्लँकेट केलं, पिवळं-पांढरं, साधेच खांब, मध्ये साखळीची जाळी आणि कडेला शिंपले. लोकर म्हणजे आपली दुकानात मिळते तीच बेबी वूल, लेबलवर १०० टक्के अ‍ॅक्रिलिक. कडा जरा वळत होत्या म्हणून म्हटलं ब्लॉकिंग करू, म्हणजे ताणून, टाचून आकार बसवू, व्हिडिओत ती बाई टाचण्या लावून वरून वाफ देत होती, मीपण गादीवर टाचण्या लावून बसले. इस्त्री एका ठिपक्यावर (बटणावरची सगळ्यात कमी उष्णता) ठेवली तर वाफ यायच्या ऐवजी खालून पाणीच गळायला लागलं, म्हणून बटण वाफेच्या खुणेपर्यंत फिरवलं, वर सुती पंचा टाकला आणि चांगली दाबून इस्त्री केली. पंचा उचलला तर काय, सगळं चपटं, गुळगुळीत, किंचित चकाकणारं, हातात घेतलं की शिजलेल्या शेवयांसारखं लोंबतंय. शिंपले सगळे झोपले. १० सेंटिमीटरचा चौकोन होता तो आता जवळजवळ १२ भरतोय. परत धुतलं, वाळवलं, शष्प फरक नाही. बरं जळलं नाही, वितळलं नाही, वासपण आला नाही. मग झालं काय नेमकं? आणि परत येईल का पूर्वीसारखं? बारसं पुढच्या रविवारी आहे हो.

खारी_बिस्कीट
अगं आई गं. शिंपले गेले म्हणजे खरंच वाईट.
मी तर कायम वाफ देते आणि छान बसतं. तुझी लोकरच डुप्लिकेट असणार.

वेंधळी_विणकरीण
@खारी, तू कुठली वापरतेस पण?

खारी_बिस्कीट
मेरिनो, मेंढीची. बहीण पाठवते तिकडून.

चौकस_चंपक
मग ती लोकर, आणि ही लोकर नव्हेच. आपल्याकडे सुईवर चढतं ते सगळंच लोकर, मग ते मेंढीचं असो की पेट्रोलियमचं, आणि तिथेच सगळा घोळ.
पण मला एक कळत नाही. वाफ म्हणजे १०० डिग्री. इस्त्रीचा तवा त्याहून गरम. मग वाफेशिवाय इस्त्री केली तर कमी बिघडतं आणि वाफ दिली तर जास्त असं म्हणतात, हे कसं? उलटं नको का?

प्रोसेसवाला_काका
वेंधळीताई, आधी वाईट बातमी देतो, परत येणार नाही. विणणाऱ्या लोकांत याला अ‍ॅक्रिलिक मारणं असंच म्हणतात, तुमचं शीर्षक नेमकं आहे. मी इचलकरंजीला प्रोसेस हाऊसमध्ये (कापड रंगवायच्या कारखान्यात) ३१ वर्षं काढली, स्टेंटरवर (कापड ताणून धरून गरम हवेतून नेणारं मशीन) उभं राहून अर्धं आयुष्य गेलं, तेव्हा जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर खाली सरका.

कृत्रिम धागा तयार होताना आधी चाळणीतून पिळून काढतात आणि मग ताणतात, मूळ लांबीच्या कितीतरी पट. ताणल्यामुळे आतल्या साखळ्या लांबीच्या दिशेने सरळ होतात, धाग्याला ताकद येते. पण साखळीला मनातून तसं सरळ राहायचं नसतं. ती अडकून पडलेली असते, गार असते म्हणून गप्प असते. प्रत्येक धाग्याचं एक तापमान असतं, त्याच्या खाली तो काचेसारखा ताठ आणि वर गेला की रबरासारखा सैल. आमच्यात त्याला टीजी म्हणतात. पॉलिएस्टरचा साधारण ७० ते ८०. अ‍ॅक्रिलिकचा कोरडं असताना ८५-९० च्या आसपास. वितळायचं तापमान वेगळं, पॉलिएस्टर २५५-२६० ला वितळतं. म्हणजे मधला एवढा मोठा पट्टा असा आहे की धागा वितळत नाही पण आतून मोकळा झालेला असतो, आणि त्या अवस्थेत तुम्ही त्याला ज्या आकारात धराल तो आकार गार झाल्यावर त्याचा. तुम्ही चपटा धरलात, चपटा झाला.

आता अ‍ॅक्रिलिकची खोड ही की ओल लागली की त्याचा टीजी घसरतो. पाण्यात, वाफेत तो पार ६५-७० पर्यंत येतो. आणि गरम-ओल्या अवस्थेत हा धागा इतका लेचापेचा होतो की स्वतःच्या वजनानेपण लांबतो. आम्ही अ‍ॅक्रिलिकच्या लडी रंगवल्या की टाकीचं पाणी सावकाश, एकेक डिग्री मोजत खाली आणायचो आणि तोपर्यंत लडीला हात लावू द्यायचो नाही कुणाला. नवीन पोरगं यायचं, घाई करून गरम लड उचलायचं, की ती गेलीच कायमची.

चौकस_चंपक
काका, भारी. पण माझा प्रश्न अजून तिथंच आहे. १०० ची वाफ विरुद्ध १५० चा तवा.

प्रोसेसवाला_काका
येतोय की. तुम्ही ओव्हन १८० वर असताना आत हात घालून केकचा डबा काढता ना (डब्याला फडक्याने धरून), हवेने हात भाजतो का दोन सेकंदात? नाही. आणि इडलीपात्राचं झाकण उघडताना वाफ मनगटाला लागली तर?

वाफेचं पाणी होताना ग्रॅमला साधारण ५४० कॅलरी सोडते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी १०० वरून ४० ला आलं तर फक्त ६०. म्हणजे वाफेने नुसतं गरम होत नाही, गार कपड्याला शिवताक्षणी ती तिथं पाणी होऊन बसते आणि सगळी उष्णता तिथंच टाकते, तीपण पृष्ठभागावर नाही, विणीच्या आत शिरून, प्रत्येक धाग्याच्या भोवती. कोरडी इस्त्री वरच्या थराला तापवते आणि मधली हवा अडते, विणलेल्या ब्लँकेटमध्ये तर हवाच हवा. शिवाय वर सांगितलं तसं ओलीने टीजी खाली आलेला. एकीकडून उंबरठा खाली, दुसरीकडून उष्णता आत, आणि वर तुम्ही दाब दिलात. तिन्ही एकदम.

नायलॉनचं तर याहून स्पष्ट दिसतं कारण ते पाणी जास्त पितं. नेहमीच्या दमट हवेत नायलॉनमध्ये ४ टक्के ओल असते, पॉलिएस्टरमध्ये जेमतेम ०.४. त्यामुळे नायलॉन ६ गरम हवेत सेट करायला १९० च्या आसपास जावं लागतं, तेच दाबाखालच्या वाफेत १३० च्या आतबाहेर काम होतं. साठ डिग्री वाचतात. आणि गरम हवेत नायलॉन पिवळं पडतं, वाफेत हवा नसल्यामुळे ते भय कमी. पॉलिएस्टरला वाफेचं एवढं कौतुक नाही, त्याला स्टेंटरवर १८० ते २१० ची कोरडी हवा, अर्धा मिनिट, बस्स.

सुरतची_केळी
काका नमस्कार. मी मूळ जळगाव जिल्ह्यातला, सुरतेत उधन्याला लहानाचा मोठा झालो, आमच्या गल्लीत निम्मे खान्देशीच, आणि निम्मे कुठल्या ना कुठल्या ट्विस्टिंगच्या (धाग्याला पीळ द्यायच्या) नाहीतर लूमच्या (मागाच्या) खात्यात. मी ट्विस्टिंगला होतो आठ वर्षं. वाफ म्हटलं की मला ऑटोक्लेव्हच आठवतो, दाबाखाली वाफ द्यायची बंद टाकी.

जॉर्जेट साडी हातात घेतली की ती जरा खरखरीत आणि लवचीक लागते ना, त्याचं कारण धाग्याला दिलेला पीळ. मीटरला दोन हजार पीळ आणि वर, पीळ द्यायच्या टीएफओ मशीनवर. एवढा पीळ दिलेला धागा बॉबिनवरून सोडला की लगेच स्वतःवरच गुंडाळतो, गाठीच गाठी, मांजराने खेळल्यासारखा. लूमवर कसा लावणार? म्हणून बॉबिनी ट्रॉलीत भरून ऑटोक्लेव्हमध्ये, आधी पंपाने हवा ओढायची, मग वाफ सोडायची. हवा काढली नाही तर वाफ बॉबिनच्या पोटापर्यंत जातच नाही, वरचा धागा सेट आणि आतला कच्चा, मग साडीत पट्टे. बाहेर काढला की धागा गपगार, सोडला तरी लोंबत राहतो.

आता गंमत बघा. हा सेट मुद्दाम अर्धाच देतात. पीळ मेला नाही पाहिजे, झोपला पाहिजे. विणून झालं, कपडा प्रोसेसला गेला, तिथं गरम पाण्यात सैल सोडला की पीळ जागा होतो, धागे आकसतात, एक उजव्या पिळाचा एक डाव्या पिळाचा असे आलटून पालटून टाकलेले असल्याने कपड्याला तो दाणा येतो. वाफ जास्त झाली तर जॉर्जेट जॉर्जेट राहतच नाही, सपाट कपडा. आमच्या खात्यात एकदा रात्रपाळीच्या माणसाला डुलकी लागली आणि वाफ दुप्पट वेळ राहिली, सगळा लॉट सेठने साध्या अस्तराच्या भावात काढला, त्याचा पगारपण कापला, ते वेगळंच रामायण.

वेंधळी_विणकरीण
म्हणजे माझं ब्लँकेट पण जॉर्जेटच्या लॉटसारखंच म्हणायचं 😭
झोपवायचं होतं आणि मारलं.

प्रोसेसवाला_काका
@सुरतची_केळी, वा. अगदी बरोबर सांगितलंत, झोपला पाहिजे मेला नाही पाहिजे, आमच्यात कुणी इतकं सोपं केलं नव्हतं.

यातच दुसरा नियम लपलाय. एकदा अमुक तापमानाला सेट झालेला आकार त्याच्या खालच्या तापमानाला टिकतो, वरच्या तापमानाला गेला की नवीन आकार घेतो. टेरिकॉटच्या पँटीची क्रीज आठवते का? पूर्वी लोक अभिमानाने सांगायचे, धुऊन दोरीवर टाकली की झाली, इस्त्री नको. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा, इंग्लंडमधे व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांचा, त्याचं टेरिलीन झालं आणि त्यात सूत मिसळून आपलं टेरिकॉट. ती क्रीज गरम प्रेसमध्ये घातलेली, तुम्ही ४० च्या पाण्यात धुतलीत तर तिला काय होतंय. मुलींच्या शाळेच्या स्कर्टच्या चुण्या तशाच, जाड कागदाच्या साच्यात घालून वाफ देतात आणि त्याच साच्यात गार होऊ देतात. गार होऊ देणं महत्त्वाचं, गरम असतानाच उचललं तर सगळं गेलं.

चौकस_चंपक
म्हणजे सुती कपड्याची घडी आणि पॉलिएस्टरची घडी यात फरक हा की एकीला पाणी पुरतं आणि दुसरीला उष्णताच लागते?

प्रोसेसवाला_काका
बरोब्बर. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केस कुरळे असतात, आणि न्हायलं की पुन्हा सरळ. सूत, लोकर, केस हे त्या जातीचे, पाण्याने सेट पाण्याने मोकळे. म्हणून खारीताईंची मेरिनो ओली करून, टाचण्या लावून, वाळवली की पुरतं, आणि चुकलं तर परत भिजवा. अ‍ॅक्रिलिकला गार पाण्यात भिजवून टाचण्या लावल्या तर तात्पुरतं बसेल, पण दुसऱ्या धुण्याला जसंच्या तसं.

न्यू_जर्सीची_काकू
वाचतेय आणि कपाळावर हात मारून घेतेय. आमच्याकडे धुणं ड्रायरमध्येच जातं, नवऱ्याने माझे सगळे सिंथेटिक कुर्ते हाय हीटवर लावले, बझर वाजला, आणि हे महाशय मॅच बघत बसले. तासाभराने काढले तर कुर्त्यांना अशा चुण्या पडलेल्या की मी चार वेळा धुतले तरी जात नाहीत. म्हणजे गरम गठ्ठ्यात दबून गार झाले आणि तोच त्यांचा आकार झाला?

प्रोसेसवाला_काका
हो काकू. ड्रायर शेवटी काही मिनिटं नुसती गार हवा फिरवतो ना, ते याचसाठी आहे. कपडे हलत हलत टीजीच्या खाली यावेत म्हणून. वॉशिंग मशीनमध्ये पण गरम पाण्याचं प्रोग्राम लावून लगेच जोरात पिळलं तर तेच. त्या चुण्या काढायच्या तर पुन्हा त्याहून थोडं जास्त तापवून, सरळ धरून, गार होऊ द्यावं लागेल. दोन ठिपक्यांवर, ओलसर फडकं ठेवून, आणि गडद रंग असेल तर पांढरं फडकं ठेवू नका.

खारी_बिस्कीट
पांढरं का नको?

प्रोसेसवाला_काका
ठेवाच एकदा मरून पॉलिएस्टरवर, म्हणजे दिसेल. पॉलिएस्टरचा रंग डिस्पर्स डाय असतो, धाग्यात विरघळल्यासारखा बसलेला. धागा मोकळा झाला की रंगालापण वाट मोकळी, काही रंग तर सरळ घन अवस्थेतून वाफ होऊन वर येतात. फडकं गुलाबी. फडक्याचं काही नाही हो, पण साडीवरच्या पांढऱ्या बुट्ट्या गुलाबी होतात ना.

सुरतची_केळी
+१. मरून साडीचे आणि पांढऱ्या जरीवाल्या ब्लाउजचे किस्से इथे सांगत बसलो तर धागा संपायचा नाही.

गॅदरिंगची_मावशी
अवांतर आहे पण विचारते. पोरीच्या गॅदरिंगला गंगावन हवं होतं कुरळं, दुकानात सगळी सरळच. शेजारणीने सांगितलं म्हणून पेन्सिलीला घट्ट गुंडाळून, रबर लावून, गरम पाण्यात बुडवलं, तसंच गार होऊ दिलं. इतके सुरेख कुरळे झाले आणि आता दोन वर्षं तसेच आहेत, धुतलं तरी. हे तेच का?

प्रोसेसवाला_काका
तेच, आणि तुमची शेजारीण हुशार. बरेचसे नकली केस अ‍ॅक्रिलिकच्या चुलत भावंडाचे असतात. खऱ्या केसांचं गंगावन असतं तर पहिल्या न्हाणाला सरळ झालं असतं. फक्त गॅसवरच्या उकळत्या पातेल्यात सोडू नका, आणि केसांच्या गरम मशीनने तर मुळीच नको, ती २०० च्या घरात जाते, केस तिलाच चिकटून बसतील.

चौकस_चंपक
काका, एक शेवटचं. सगळं वाफेने वाईटच होतं का अ‍ॅक्रिलिकचं? मग ती बेबी वूल एवढी फुललेली कशी असते मुळात?

प्रोसेसवाला_काका
हा प्रश्न आवडला, कारण ती फुगतेच वाफेमुळे. आमच्यात हाय बल्क म्हणतात. तंतूंचे दोन गट करतात. एक गट गरम असताना ताणून तसाच गार केलेला, म्हणजे त्याच्या मनात आकसायचं राहून गेलंय. दुसरा गट वाफेने आधीच आकसवून शांत केलेला. दोन्ही एकत्र कातायचे. कातल्यावर सूत दिसायला बारीक, टणक, सुतळीची धाकटी बहीण. मग लड सैल टांगून वाफ द्यायची. पहिला गट झटकन आकसतो, लांबी साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते, दुसऱ्या गटाला आकसायचं नसतं, पण जागाच उरली नाही, तो बाहेर फुगतो, कमानी कमानी होऊन. त्याच कमानींत हवा, त्या हवेची ऊब. डोळ्यासमोर लड फुलते, पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विशीतला होतो, उगाचच आनंद झाला होता.

तुमच्या ब्लँकेटमध्ये ताई, त्या कमानी सपाट झाल्या. म्हणून ते चकाकतं (सपाट पृष्ठभाग उजेड एकाच दिशेला फेकतो), म्हणून लोंबतं, आणि म्हणून ऊबपण कमी. आकसायची वासना कारखान्यातच संपलेली, ती पुन्हा कुठून आणणार.

वेंधळी_विणकरीण
काका तुम्ही लिहा हो नीट एकदा सगळं, लेख करा.

बरं, अपडेट. काल रात्री उरलेल्या लोकरीचे तीन चौकोन विणले, १० बाय १०. पहिल्याला नुसत्या टाचण्या आणि गार पाण्याचा फवारा. दुसऱ्याला इस्त्री तीन बोटं वर धरून, न टेकवता, दहा सेकंद वाफ, मग टाचण्या न काढता अर्धा तास तसाच. तिसऱ्याला माझ्यासारखं, पंचा टाकून दाबून. नंतर तिन्ही धुतले. पहिला होता तसा, कडा परत वळल्या. दुसरा १०.३ भरला, कडा सरळ, दाणा शाबूत, जरासा मऊ, मला तर मूळपेक्षा आवडला. तिसरा १२.१ आणि तोच तो मेलेला. फोटो टाकलेत खाली. दुसऱ्या आणि तिसऱ्यात फक्त टेकवण्याचा आणि दाबण्याचा फरक, इस्त्री तीच, बटण तिथंच.

प्रोसेसवाला_काका
याला म्हणतात प्रयोग. आणि तुमच्या इस्त्रीतून एका ठिपक्याला पाणी का गळलं ते पण सांगून टाकतो. एक ठिपका म्हणजे तवा जास्तीत जास्त ११०, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. ११० ला पाण्याची नीट वाफ होत नाही, थेंब तसेच खाली. म्हणजे वाफ हवी तर बटण दोन ठिपक्यांपर्यंत न्यावंच लागतं, आणि अ‍ॅक्रिलिकचं लेबल बहुतेक वेळा एकच ठिपका सांगतं. त्या एका ठिपक्याचा अर्थच असा की वाफ नको. लेबलवर हे शब्दांत लिहीत नाहीत, त्यामुळे निम्मं जग तुमच्यासारखंच फसतं.

न्यू_जर्सीची_काकू
हे मला ५२ व्या वर्षी कळतंय. ठिपके म्हणजे कपडा किती जाड ते असं मला वाटायचं.

खारी_बिस्कीट
मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेते 🙏 लोकर डुप्लिकेट नव्हती.
पण मग मुद्दाम मारतात असं वाचलं मी कुठेतरी, ते का?

वेंधळी_विणकरीण
ते मी शोधलं काल. शाल, स्टोल, ओढणी असं काही असेल जे अंगावरून ओघळायला हवं, ते अ‍ॅक्रिलिकचं असेल तर फार ताठ राहतं, म्हणून शेवटी मुद्दाम वाफ देऊन मारतात. रेशमासारखं पडतं म्हणे. स्वेटरच्या रिबला मात्र चुकूनही नाही, एक सुलट एक उलटची सगळी ओढ जाते आणि मनगट बोंबलतं.

सुरतची_केळी
ताई मग बारशाचं काय ठरलं?

वेंधळी_विणकरीण
मेलेलं ब्लँकेट आईने ठेवून घेतलं, म्हणाली माझ्या गुडघ्यांवर घ्यायला दुपारी पंख्याखाली हेच बरं, जड नाही आणि टोचत पण नाही. बाळासाठी आता मोठं होणार नाहीच चार दिवसांत, म्हणून टोपडं आणि मोजे घेतलेत करायला, उरलेल्या पिवळ्यात. इस्त्री माळ्यावर टाकलीये.

गॅदरिंगची_मावशी
टोपड्याला कितीची सुई घेतलीस? आणि कानावरचे टाके कसे कमी करतेस ते टाक ना इथे, माझं दर वेळी टोक येतं मागे.

वेंधळी_विणकरीण
३ मिलिमीटरची. टोक येतं म्हणजे तू एकाच जागी कमी करतेयस, प्रत्येक ओळीत जागा जरा पुढे सरकव. थांब, वेगळा धागा काढते.